खेळाडूचे वय कोण ठरवते? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच चिंतेभोवती फिरणारी निघाली: खेळाचे वय कधी सुरू होते, कधी संपते आणि खेळ संपल्यावर शरीराचे काय होते. म्हणून या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून या तिघांनाच उत्तरे देत आहे. परभणीच्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न एका लहान मुलीच्या ताटातल्या जेवणाचा आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून दोन वर्षांपासून जिम्नॅस्टिक्स शिकते. तिला रोलर स्केटिंगचीही फार आवड आहे. मागील महिन्यात प्रशिक्षकांनी आम्हा पालकांना बोलावून सांगितले की, बाराव्या वर्षापर्यंत राज्य पातळीवर पदक आले नाही तर पुढे काही उपयोग नाही, आणि मुलीचे वजन वाढू नये म्हणून तिचे रात्रीचे जेवण कमी करा. ऑलिम्पिकमध्ये बर्फावर स्केटिंग करणाऱ्या मुली पंधराव्या वर्षी सुवर्णपदक घेतात, असे उदाहरणही त्यांनी दिले. हे खरे आहे का? खरे असेल तर आम्ही काय करावे?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो. मुलीचे रात्रीचे जेवण आजच पूर्ववत करा. रोज घाम गाळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला भूक असेल तेवढी भाकरी, वरण, भाजी, दूध, अंडे किंवा शेंगदाणे मिळालेच पाहिजेत. हे आधी सांगितले, कारण बाकीचे उत्तर लांबणार आहे आणि ते वाचून होईपर्यंत मुलगी उपाशी राहू नये.

प्रशिक्षकांनी दिलेले उदाहरण खोटे नाही. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या तारा लिपिन्स्कीने फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक घेतले, तेव्हा तिचे वय १५ वर्षे २५५ दिवस होते. २०१८ मध्ये प्याँगचांगला सुवर्णपदक घेणारी रशियाची अलीना झागितोव्हाही पंधराच वर्षांची होती. यामागचे कारण आपल्याकडे फुगडी खेळलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. दोघी हात ताणून मागे झुकल्या की फेर सावकाश पडतो आणि जवळ आल्या की गरगर वाढते. बर्फावरून उडी मारणारी मुलगी हवेत जेमतेम पाऊण सेकंद, बहुधा त्याहूनही कमी वेळ असते आणि तेवढ्यात तिला तीन किंवा चार फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. ज्या मुलीचे खांदे आणि कंबर अजून अरुंद आहेत, जिचे वजन कमी आहे, तिचे शरीर आपल्या अक्षाभोवती अधिक सहज फिरते. वयात येताना कंबर रुंदावते, उंची वाढते, शरीराचा तोल बदलतो आणि काल जमलेली उडी आज चुकू लागते. मुलग्यांमध्ये त्याच काळात स्नायूंची ताकद झपाट्याने वाढत असल्यामुळे ही अडचण बरीचशी भरून निघते. जपानच्या युझुरू हान्यूने १९ व्या आणि २३ व्या वर्षी अशी दोन सुवर्णपदके घेतली, त्यामागे हेही एक कारण आहे.

मात्र या उदाहरणाचा पुढचा भाग प्रशिक्षकांनी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. लिपिन्स्कीने सुवर्णपदकानंतर काही आठवड्यांतच स्पर्धात्मक खेळ सोडला आणि दोन वर्षांनी तिच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. झागितोव्हाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये, सतराव्या वर्षी, स्पर्धांतून विश्रांती जाहीर केली. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदक घेणारी युलिया लिपनित्स्काया खाण्याच्या आजाराने ग्रासली गेली आणि एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. तुमच्या मुलीचे जेवण कमी करण्याचा सल्ला वाचला तेव्हा मला प्रथम हीच मुलगी आठवली.

आणि मुळात हा खेळ नेहमीच लहान मुलींचा होता असेही नाही. स्वीडनच्या उल्रिक साल्शोने दहा जागतिक विजेतेपदे मिळवली आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये ४२ व्या वर्षी तो चौथा आला. त्याच वर्षी फिनलंडच्या वॉल्टर याकोबसनने पत्नी लुडोविकासह जोडीचे सुवर्णपदक घेतले, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. नॉर्वेची सोन्या हेनी अकरा वर्षांची असताना १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये उतरली खरी, पण आठ जणींत शेवटची आली. तिचे पहिले सुवर्णपदक १९२८ चे, पंधराव्या वर्षी, आणि तिसरे १९३६ चे.

त्या काळात या खेळाचा मोठा भाग म्हणजे बर्फावर ठरावीक आकृत्या कोरणे हा होता. पायाखालच्या पात्याच्या एका कडेवर तोल सांभाळत वर्तुळे काढायची, पुन्हा त्याच रेषेवरून फिरायचे आणि मग परीक्षकांनी वाकून त्या रेषा तपासायच्या. सुलेखनासारखे हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने साधत असे. १९६८ पर्यंत एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या आकृत्यांना होते. पुढे ते प्रमाण कमी होत गेले आणि १९९० नंतर आकृत्या स्पर्धेतून काढून टाकण्यात आल्या. टेलिव्हिजनवर पाहणाऱ्यांना त्या कंटाळवाण्या वाटत, हेही एक कारण होते. आकृत्या गेल्या, उड्यांचे महत्त्व वाढले आणि विजेत्या मुलींचे वय खाली आले. पोरवयाची ही मक्तेदारी निसर्गाने जितकी दिली, तितकीच गुणांच्या तक्त्याने दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियम बदलला की वय बदलते, याचे दुसरे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या कमिला वालियेव्हाचे उत्तेजक द्रव्याचे प्रकरण उघड झाले आणि साऱ्या जगासमोर ती मुलगी बर्फावर कोसळताना दिसली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने वरिष्ठ गटातील किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा निर्णय घेतला आणि २०२४-२५ च्या हंगामापासून सतराची अट पूर्ण लागू झाली. म्हणजे लिपिन्स्की किंवा झागितोव्हा आज पंधरा वर्षांच्या असत्या, तर त्यांना ऑलिम्पिकमध्ये उतरताच आले नसते. वयाची अट चुकल्याने काही आयुष्यभराचे नुकसान होते, असेही समजू नका. जपानची माओ असादा २००६ च्या ऑलिम्पिकला अवघ्या ८७ दिवसांनी लहान ठरली. चार वर्षांनी तिने रौप्यपदक घेतले. तिच्याच देशाच्या काओरी साकामोतोने चार फेऱ्यांची उडी न मारता २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन वर्षे जागतिक विजेतेपद मिळवले, वयाच्या २१ ते २३ या वर्षांत. त्या काळात रशियन मुली युक्रेन युद्धामुळे आलेल्या बंदीमुळे स्पर्धेबाहेर होत्या, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही साकामोतोच्या वेगाची आणि भक्कम उतरणीची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

डीना स्टेलाटो-डुडेक या बाईंची गोष्ट तुमच्या मुलीला आवर्जून सांगा. अमेरिकेकडून खेळताना त्यांनी २००० साली कनिष्ठ गटाचे जागतिक रौप्यपदक घेतले आणि खुब्याच्या दुखापतींमुळे सतराव्या वर्षी खेळ सोडला. पुढची सुमारे सोळा वर्षे त्या त्वचासौंदर्याच्या व्यवसायात नोकरी करीत होत्या. २०१६ मध्ये त्या बर्फावर परतल्या, एकेरीऐवजी जोडीचा प्रकार शिकल्या आणि २०२४ च्या मार्चमध्ये माँट्रियल येथे कॅनडाकडून मॅक्सिम देशाँसोबत जागतिक विजेत्या झाल्या. त्या वेळी त्या चाळीस वर्षांच्या होत्या. या खेळात इतक्या वयात जागतिक विजेतेपद मिळवणारी दुसरी स्त्री नाही.

जिम्नॅस्टिक्समध्येही हेच दिसते. १९७६ मध्ये नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी पूर्ण दहा गुण मिळवले आणि मग जगभर चौदा हेच जणू योग्य वय ठरले. पुढे किमान वय १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा करण्यात आले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत आपली दीपा कर्माकर केवळ ०.१५ गुणांनी कांस्यपदकापासून दूर राहिली. त्याच फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना होती, वय ४१. मुलाच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ती जर्मनीत राहिली, त्या देशाकडून खेळली, ३३ व्या वर्षी तिने ऑलिम्पिक रौप्यपदक घेतले आणि एकूण आठ ऑलिम्पिक स्पर्धांत भाग घेतला. दीपानेही आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील आपले सुवर्णपदक २०२४ मध्ये, तिसाव्या वर्षी घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स सर्व प्रकारांच्या एकत्रित गुणांवर विजेती झाली ती २७ व्या वर्षी. बाराव्या वर्षी सगळे संपते असे म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

आता शरीराविषयी. हाडांचा जो साठा आयुष्यभर पुरवायचा असतो, त्यातील बहुतेक भाग विशीच्या आत तयार होतो आणि वयात येण्याची दोन-चार वर्षे त्यासाठी सर्वांत मोलाची असतात. या काळात मुलगी खर्च करते त्या मानाने कमी खात असेल, तर शरीर काटकसर सुरू करते: पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ राहतात, वरचेवर आजारपण येते, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला खेळाडूंमधील ऊर्जेची सापेक्ष कमतरता असे नाव दिले आहे. प्रत्येक उडीनंतर उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि तो झेलायला हाडच कच्चे असेल तर त्याला बारीक तडा जातो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक चौदा वर्षांची मुलगी आली होती. पायाच्या हाडाला तडा गेला होता, आणि विचारपूस केल्यावर कळले की वर्षभर ती संध्याकाळी अर्धी भाकरीच खात होती, तीही सरांच्या सांगण्यावरून. हाड दोन महिन्यांत जुळले. अन्नाची भीती जायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. हे सांगताना आजही मला अस्वस्थ वाटते.

तेव्हा तुम्ही असे करा. आठवड्यातील सरावाचे एकूण तास मुलीच्या वयाच्या आकड्याहून जास्त होऊ देऊ नका, म्हणजे सध्या नऊपर्यंत. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी असू द्या. स्केटिंग सोडवू नका. दोन वेगळे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या शरीरावर एकाच जागी ताण येत नाही आणि मनही टवटवीत राहते. पुढे पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा आलेली पाळी सलग तीन महिने चुकली, तर ते खेळाचेच लक्षण आहे असे कोणी म्हटले तरी डॉक्टरांना दाखवा. प्रशिक्षकांशी भांडण करण्याची गरज नाही. जेवणाचा निर्णय घरचा राहील, एवढे मात्र शांतपणे आणि ठामपणे सांगा. ते मान्य होत नसेल तर क्लास बदला.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक आहे. माझा नातू आखाड्यात जातो. गावातील जुनी मंडळी म्हणतात की, पैलवानाचे म्हातारपण वाईट जाते आणि फार मेहनत करणाऱ्याचे हृदय लवकर थकते. ऑलिम्पिक खेळाडू सामान्य माणसापेक्षा कमी जगतात का?
– एक आजोबा, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, नमस्कार. उपलब्ध अभ्यास याच्या अगदी उलट सांगतात. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या १५,१७४ खेळाडूंची त्यांच्याच देशातील, त्यांच्याच वयाच्या लोकांशी तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पदकविजेते सरासरी २.८ वर्षे अधिक जगल्याचे आढळले, आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांत काही फरक दिसला नाही. दीर्घ पल्ल्याच्या खेळांतील लोकांना हा लाभ अधिक आणि केवळ ताकदीच्या खेळांतील लोकांना कमी मिळालेला दिसतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १८९६ ते १९३६ या काळातील ९,८८९ ऑलिम्पिक खेळाडूंची आयुष्ये तपासली होती. हृदयाला फार श्रम देणाऱ्या खेळांतील लोक त्यामुळे लवकर गेले, असे त्यात दिसले नाही. ज्या खेळांत शरीरे एकमेकांवर आदळतात, डोक्याला मार बसतो, त्या मुष्टियुद्धासारख्या खेळांतील लोकांचा मृत्युदर मात्र वाढलेला होता.

या आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. जो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचतो तो मुळातच काटक असतो, बहुधा तंबाखूपासून दूर असतो आणि पुढे त्याला मान आणि बरी नोकरी मिळते. त्यामुळे सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही. पण मेहनतीने हृदय थकते ही समजूत मनातून काढून टाकायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

दीर्घायुषी खेळाडूंची नावे सांगायची तर हंगेरीच्या आग्नेस केलेती यांचे पहिले घ्यावे लागेल. ज्यू असल्यामुळे युद्धकाळात त्या खोट्या ओळखीने लपून राहिल्या आणि वडिलांना त्यांनी आउशवित्झमध्ये गमावले. दोन ऑलिम्पिक युद्धात आणि तिसरे दुखापतीत गेल्यामुळे त्यांचे पहिले ऑलिम्पिक ३१ व्या वर्षी आले. १९५६ मध्ये मेलबर्नला ३५ व्या वर्षी त्यांनी जिम्नॅस्टिक्सची चार सुवर्णपदके घेतली, आणि २०२५ च्या जानेवारीत, १०४ वा वाढदिवस आठवड्यावर आला असताना त्यांचे निधन झाले. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिम्पिकची पहिली तीन फेऱ्यांची उडी मारणारे डिक बटन त्याच महिन्यात ९५ व्या वर्षी गेले. आपले हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचे मानकरी होते आणि ९६ वर्षे जगले. कोणी खाशाबा जाधवांचे उदाहरण देऊन वाद घातला, तर एवढे सांगा की १९५२ चे ते कांस्यपदक विजेते ५८ व्या वर्षी गेले ते रस्त्यावरील अपघातात. त्यात कुस्तीचा काही दोष नाही.

तरीही जुनी मंडळी जे पाहून बोलतात ते अगदीच निराधार नाही. आखाडा सुटतो, जोर-बैठका थांबतात, पण खुराक तसाच राहतो. तूप, दूध, बदाम आणि मटण यांची सवय मोडत नाही आणि पाच-सात वर्षांत वजन, साखर आणि रक्तदाब वाढतात. गुडघे आधीच झिजलेले असतील तर चालणेही कमी होते आणि मग दुष्टचक्र सुरू होते. म्हातारपण वाईट जाते ते यामुळे, आणि ते टाळता येते. नातवाला आखाड्यात जाऊ द्या. कुस्ती सुटेल त्या महिन्यापासून खुराक निम्म्यावर आणायचा आणि चालणे किंवा सायकल सुरू ठेवायची, हे आतापासून त्याच्या वस्तादांच्या तोंडून त्याला ऐकवा. तुमच्या-माझ्यापेक्षा तो त्यांचे अधिक ऐकेल. डोक्याला मार बसून क्षणभर जरी शुद्ध हरपली, तरी त्या दिवशी पुन्हा मातीत उतरायचे नाही. चपट्या झालेल्या कानाचा अभिमान पैलवानाने खुशाल बाळगावा, डोक्याच्या माराचा बाळगू नये.

प्रश्न : सर, मी चोवीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी दोन वर्षांपासून डांबरी रस्त्यावर धावतो. १६०० मीटरमध्ये माझी वेळ सतत सुधारत आहे आणि आता मला लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरावेसे वाटते. मित्र म्हणतात की उशीर झाला, खेळाडू शाळेतूनच घडतात. सध्या नडग्याही दुखतात.
– एक धावपटू, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लष्करात दाखल झाला, सियाचेनच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली आणि स्पर्धात्मक धावणे सुरू केले २०१५ मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, ३७ वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले, पुढील वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ते मिळाले आणि २०२४ च्या जुलैमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. लगेच पुढच्या महिन्यात ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

लांब पल्ल्याच्या धावण्यात असे होऊ शकते, कारण येथे लागणारी शक्ती सावकाश साठते. हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि तेवढ्याच श्वासात अधिक अंतर कापले जाते. या बदलांना वर्षे लागतात आणि ते विशीनंतरही होत राहतात. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेसने १९८४ ची ऑलिम्पिक मॅरेथॉन ३७ व्या वर्षी जिंकली आणि रोमानियाच्या कॉन्स्तांतिना डिता हिने २००८ ची ३८ व्या वर्षी. शंभर मीटर धावणाऱ्याला चोविसाव्या वर्षी मी वेगळे उत्तर दिले असते. तुम्हाला उशीर झालेला नाही.

मात्र नडगीचे दुखणे अंगावर काढू नका. डांबर सोडून शेतातल्या पायवाटेवर किंवा मैदानाच्या मातीवर धावा, आठवड्याचे अंतर एकदम न वाढवता थोडे थोडे वाढवा, झिजलेले बूट बदला आणि उन्हाळ्यात सूर्य वर येण्याच्या आत सराव संपवा. दुखणे नडगीभर पसरलेले असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने आणि पोटऱ्यांच्या व्यायामाने ते बहुधा जाते. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी सणक येत असेल, किंवा रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणका जाणवत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. तसे असेल तर उद्याचा सराव बंद ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. भरतीची तारीख जवळ आली असली तरीही.